तेलगोटे सरांची तीन टिंबं

आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून मोकळा होतो. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातला तर्कशास्त्र हा विषय मुलं मिळाली नाहीत म्हणून बंद पडला, असं सगळे समजतात. ते खोटं आहे. तो विषय मी बंद पाडला. अकरा वर्षांपूर्वी, जून महिन्यातल्या चार दिवसांत, प्रवेशाच्या टेबलावर बसून, निळ्या पेनानं.

'सगळे समजतात' असं लिहून गेलो खरा, पण लिहितानाच हात अडखळला. तेलगोटे सर शेजारी असते तर त्यांनी तिथंच बोट वर केलं असतं. "सगळे? का काही?"

हा प्रश्न विचारल्याशिवाय वासुदेव तेलगोटे सरांचा दिवस मावळत नसे. अकोल्याच्या भाजीबाजारात एक वांगेवाला ओरडत असायचा, "सगळे ताजे हायेत, सगळे ताजे!" सर त्याच्यासमोर उकिडवे बसायचे, पिशवी मांडीखाली दाबायचे आणि एकेक वांगं उलटंपालटं करून पाहायचे. दहा मिनिटांनी एखादं किडकं सापडायचं. ते उन्हात धरून सर म्हणायचे, "हे पाय. एक पुरते."

"काय पुरते, सर?"

"तुह्यं विधान पाडायले एक पुरते."

मग ते किडकं वांगंसुद्धा ते बाकीच्यांबरोबर विकत घ्यायचे. मी एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "त्यानं काम केलं ना भौ. त्याले तठीच टाकून कसं येता येईन?"

पुढं पुढं तो वांगेवाला सर दिसले की घोषणा बदलायचा. "बहुतेक ताजे हायेत! बहुतेक ताजे!" सरांना त्याचा कोण अभिमान. अख्ख्या अकोल्यात आपला एवढा एकच विद्यार्थी पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास झाला, असं ते स्टाफरूममध्ये सांगत.

दुसरा त्यांचा आवडता माणूस एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत बसत असे. सरांचं मूळ गाव अकोट. महिन्यातून दोनदा जाणं व्हायचं. तो खिडकीतला माणूस चेहरा वर न करता सांगायचा, "अकोट आली तर तीनवर लागन." बाकीचे प्रवासी त्याच्यावर चिडायचे. सर मात्र खिडकीपाशी उभे राहून त्याची तारीफ करायचे. "आली तर, म्हणते. येईनच असं तो बोलला नाई. इतका प्रामाणिक माणूस सरकारी खात्यात म्या नाई पाह्यला." गाडी आली नाही तरी सर खूश. कारण गाडी न आल्यानं त्या माणसाचं वाक्य काही खोटं ठरत नव्हतं.

एकदा कुण्या नगरसेवकाच्या पोराच्या लग्नाचं बोलावणं भिंतीवर लागलं होतं, 'सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.' सर गेले. ना ओळख ना पाळख. पंगतीत बसून जेवले आणि निघताना वरबापाला सांगून आले, "तुमच्या 'सर्वांनी' मध्ये मी येतो. मी आलो नसतो तर तुमचं बोलावणं अपुरं राह्यलं असतं." वरबापानं त्यांना नारळ दिला.

दिसायला म्हणाल तर काटकुळे. पांढरा हाफ शर्ट, खिशात कागदात गुंडाळलेले खडूचे तीन तुकडे. पँटच्या मागल्या बाजूला कायम पांढरा पट्टा. तो का, हे सांगायचं तर त्यांच्या तासाबद्दल सांगावं लागेल.

अकरावीच्या वर्गात दुसरा तास त्यांचा. मी समाजशास्त्र शिकवायचो. त्या वेळी माझा तास नसे, आणि मी बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून कैकदा ऐकलेलं आहे. सर फळ्यावर दोन विधानं लिहायचे. खाली आडवी रेघ मारायचे. रेघेखाली तीन टिंबं काढायचे, गणितात 'म्हणून' साठी काढतात तशी. आणि खडू टेबलावर ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. तिसरी ओळ ते स्वतः कधीच लिहीत नसत. ती मुलांनी काढायची. निष्कर्ष मास्तरनं काढून दिला की पोट्टं फक्त उतरून घेते, असं त्यांचं म्हणणं. मग ते वाट पाहायचे. हात दोन्ही गुडघ्यांवर, नजर बाहेरच्या कडुनिंबाकडे. कट्ट्यावर खडूची भुकटी साचलेली असे, ती पँटला लागायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मुलं चुळबुळायची, खोकायची, खिदळायची. सर ढिम्म. घंटा झाली आणि कोणी उठलंच नाही, तर सर कट्ट्यावरून उतरायचे आणि न रागावता म्हणायचे, "तास संपला. प्रश्न नाई संपला. उद्या."

एकदा एका मुलासाठी ते सलग तीन दिवस थांबले होते. चौथ्या दिवशी तो मुलगा उठला आणि बरोबर ओळ बोलला. सरांनी त्याला खडू बक्षीस दिला. मी हसलो होतो तेव्हा. आता हसू येत नाही.

म्हशीचा किस्सा मात्र आजही आमच्या कॉलेजात सांगतात. आमचे तेव्हाचे प्राचार्य रोज सकाळी पोहायला जात आणि रोज प्रार्थनेनंतर मुलांना त्याचे फायदे सांगत. सरांनी फळ्यावर लिहिलं: 'सगळ्या म्हशी पाण्यात बसतात. प्राचार्य पाण्यात बसतात.' रेघ. तीन टिंबं. सर कट्ट्यावर. शेवटी मागल्या बाकावरचा एक जण उठला आणि मोठ्या आवाजात म्हणाला, "म्हणून प्राचार्य म्हैस आहेत!"

नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते.

आत सर आनंदानं नाचायचे बाकी होते. "चूक! लय सुंदर चूक! काहून चूक? अबे, पाण्यात म्हशीशिवाय कोणीच बसत नाई का? बेंडूक बसते का नाई? तू नाई बसत का मोर्णा नदीत?" पण हे ऐकायला प्राचार्य थांबलेच नव्हते. दुपारी कारणे दाखवा नोटीस आली. सरांनी तिला लेखी उत्तर दिलं. मी ते स्वतः वाचलंय, देऊ नका म्हणून हातापाया पडलोय: 'सदर तासास प्राचार्य म्हैस आहेत असे सिद्ध होत नाही, एवढेच शिकविण्यात आले. तथापि फळ्यावरील दोन विधानांवरून प्राचार्य म्हैस नाहीत हेही सिद्ध होत नाही, याची नम्र नोंद व्हावी. त्यासाठी आणखी एका विधानाची आवश्यकता असून ते कार्यालयाने पुरवावे.'

त्या वर्षीची त्यांची पगारवाढ अडकली. सर म्हणाले, "वैध हाय."

'वैध हाय' हा त्यांचा दुसरा पाढा. मी उशिरा आलो आणि म्हणालो, सर, पाहुणे आले की उशीर होतो, आज पाहुणे आले होते, की ते मान डोलवायचे, "वैध हाय. खरं हाय का, ते तुमाले माहीत." त्यांच्या मते ह्या दोन गोष्टी वेगळ्या, आणि जगात निम्मी भांडणं त्या एक समजल्यामुळं होतात. 'निम्मी' हा शब्द माझा. सर आकडा बोलले नसते.

आम्ही दुपारचा डबा एकत्र खायचो. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मला 'गावंडे भौ' म्हणायचे आणि 'अहो-जाहो' करायचे. त्यांच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा, माझ्या डब्यात पोळी-भाजी. अर्धं अर्धं. एकदा भाकर मोडता मोडता मी विचारलं, "सर, खरं सांगा, या विषयाचा उपयोग काय? खरं काय, खोटं काय, हे तरी सांगतो का तो?"

"नाई सांगत," सर म्हणाले. "खरं काय ते पाहाचं असन तर डोळे हायेत, पेपर हाय, शेजारी हाय. तर्कशास्त्र लय गरीब हाय, गावंडे भौ. त्याचं एवढंच काम. तुमी जे आधीच कबूल करून बसले, त्याच्यात तुमच्या नकळत आणखी काय काय कबूल झालं, ते दाखवणं. निष्कर्ष काई बाहेरून येत नाई. तो आतच बसेल असते. आपण तिकडं पाहात नाई, एवढंच."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांचे वडील अकोटला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. वस्तीतून शाळेत गेलेल्या पहिल्या चार पोरांत सर होते. सातवीत एक मास्तर एकदा पूर्ण वर्गासमोर म्हणाले, "तुमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांचं हेच. डोकं नाई चालत." सर तेव्हा उभे राहिले. गणितात वर्गात पहिले होते ते. "म्या इचारलं, गुरुजी, सगळ्या म्हंजे माह्यंबी?" मास्तर म्हणाले, बस खाली. "त्या दिवशी मले समजलं. भांडाची गरज नाई. हात उचलाची गरज नाई. 'सगळे' म्हणणाऱ्याले एक दाखवला का पुरते. तो एक म्या स्वतःच होतो."

हे सांगून ते ठेच्याकडे वळले. मी त्यांना वांगेवाल्यावरून किती चिडवायचो! त्या दिवसापासून ते सोडलं.

सरांच्या घरी, जुन्या शहरात, सुमनवहिनी. सरांचं लग्न कसं जमलं ते वहिनींच्याच तोंडून ऐकावं. "याईनं पाहाच्या कार्यक्रमात मले इचारलं, सैपाक येते का? म्या म्हटलं, येते. तर इचारते, सगळा का काही? म्या म्हटलं, काही. झालं! तठीच होकार. तवापासून सांगत फिरतेत, माह्या बायकोलेच खरं तर्कशास्त्र येते. पण पुरण अजून येत नाई मले, ते कोणाले नाई सांगत."

वहिनींनीच मला सरांच्या वह्या दाखवल्या होत्या. लोखंडी कपाटात शंभर पानी वह्यांची चळत. सर रोज झोपण्याआधी त्या दिवशी घडलेल्यातून एक युक्तिवाद लिहीत. तारीख, दोन विधानं, रेघ, तीन टिंबं, निष्कर्ष. 'रोजचा एक' म्हणायचे त्याला. वहीत मात्र तिसरी ओळ ते स्वतः लिहायचे, तिथं दुसरं कोण होतं? एक मला पाठ आहे: 'सुमन गप्प असते तेव्हा माझे काही चुकलेले असते. आज सुमन गप्प आहे. म्हणून माझे काही चुकले आहे. (काय, ते ह्यातून निघत नाही.)'

आता ते चार दिवस.

संस्थेनं त्या उन्हाळ्यात ठरवलं की कला शाखेत तर्कशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच गटात टाकायचे. मुलानं दोहोंपैकी एक घ्यायचा. वीसच्या खाली मुलं आली, तर तो विषय बंद आणि शिकवणारा अतिरिक्त. अतिरिक्त झालेल्या माणसाला संस्थेच्या अमरावतीच्या शाळेत पाठवणार. कलेला मुलं येऊन येऊन किती येणार? चाळीसच्या आतबाहेर. कोणीतरी एक जाणार, हे उघड होतं.

आमच्याकडं मुलं आपोआप येत नाहीत. मे महिन्यात मास्तर लोक गावोगाव फिरून मुलं गोळा करतात. सर एसटीनं अकोटकडची खेडी फिरत होते. पालक विचारत, हा विषय घेतल्यानं नोकरी लागते का, गुरुजी? दुसरा कोणी मास्तर 'शंभर टक्के' म्हणून मोकळा झाला असता. सर म्हणत, "लागते असं नाई म्हणता येत. लागत नाई असंबी नाई." एवढ्यावरसुद्धा पंचवीस मुलं तयार झाली! लोकांना त्या माणसात काय दिसलं कोण जाणे. सर प्रत्येकाला चिठ्ठी द्यायचे, 'तर्कशास्त्र, तेलगोटे,' आणि नाव आपल्या यादीत लिहून घ्यायचे. टेबलावर ही चिठ्ठी दाखवा म्हणायचे.

टेबलावर मी होतो. प्राचार्यांनी विचारलं होतं, कोण बसेल? सरच म्हणाले, "गावंडे भौ बसले म्हंजे म्या बसलो."

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. वडिलांना अर्धांगवायू होऊन सहा महिने झाले होते, त्यांना उचलून बसवायला रोज मी लागायचो. अमरावतीला जाऊन-येऊन ते जमलं नसतं. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्यानं गावात राहावं. माझ्या घरी आजारी माणूस आहे. म्हणून मी गावात राहावं. वैध आहे. पुढचं सरांचं वाक्य मला माहीत आहे.

पहिली मुलगी चिठ्ठी घेऊन आली. मी चिठ्ठी पाहिली आणि म्हणालो, "तर्कशास्त्र? बाप्पा! त्याच्यात गणितासारखी चिन्हं असतात. पोट्टे नापास होतात त्याच्यात." ती घाबरली. म्हणाली, "मंग सर, तुमी म्हणान ते लिवा." मी समाजशास्त्र लिहिलं. चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. सोपं होतं. खोटंसुद्धा नव्हतं. चिन्हं असतात. काही मुलं नापास होतात. 'काही' हा शब्द मी गाळला, बस्स.

सगळ्यांना नाही वळवलं मी. जी आपणहून ठाम होती ती राहिली. अकरा जण वळले. सरांकडे चौदा राहिले.

यादी लागली त्या दिवशी सर नोटीस बोर्डापुढं फार वेळ उभे होते. मग स्टाफरूममध्ये आले, कपाट रिकामं करायला लागले. मी म्हणालो, "फार वाईट झालं, सर." जाताना त्यांनी खडूचा एक न फोडलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमच्या वर्गात आता मुलं जास्त झाली. लागतीन."

पुढं आठ वर्षं सरांनी अप-डाऊन केलं. सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून ऑटोनं अमरावती. त्या शाळेत तर्कशास्त्र नव्हतंच, आठवीला नागरिकशास्त्र दिलं. रविवारी ते मोर्णेचा पूल ओलांडून जठारपेठेत माझ्या घरी चहाला यायचे. एक रविवार चुकला नाही. माझ्या मुलीला त्यांनी 'सगळे का काही' शिकवलं, ती आता माझ्यावरच चालवते. वडील गेले तेव्हा खांदा द्यायला सर होते. अमरावतीबद्दल विचारलं की म्हणायचे, "पोट्टे गोड हायेत. लहान हायेत." एकदाच म्हणाले, "दुसऱ्या तासाची घंटा होते ना भौ, तवा पाय अजूनबी उठतेत. बाकीचं शरीर बसून राह्यते."

एकदा पेपर तपासायला मी अमरावतीला गेलो होतो. दुपारी वेळ होता, त्यांच्या शाळेत डोकावलो. मधली सुट्टी. मुलं मैदानावर. कोपऱ्यातल्या वर्गात सर एकटे होते. फळ्यावर दोन ओळी होत्या, खाली रेघ, तीन टिंबं. सर खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते. हात गुडघ्यांवर. समोर आठवीची बुटकी बाकं, रिकामी. ते त्या बाकांकडे पाहत नव्हते. बाहेर पाहत होते, जसे आमच्याकडं कडुनिंबाकडे पाहायचे तसे. मुलांना विचार करू देताना त्यांच्याकडे पाहू नये, असं त्यांचं मत. अवघडतात म्हणे.

घंटा झाली. सर उठले, फळा पुसला, नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं.

मी त्यांना न भेटता परत आलो. अकोल्यापर्यंत गाडीत उभाच राहिलो. जागा होती.

सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू. वहिनींचा फोन आला. "भौ, डॉक्टरनं पंधरा दिवस वाचाले मनाई केली. अन् हे म्हणतेत, रोजच्या वह्या वाचून दाखव, तपासाच्या हायेत. म्या वाचलं का माह्याच चुका काढतेत. तुमी येता का?"

मी रोज चार वाजता जाऊ लागलो. सर काळा चष्मा लावून खुर्चीत, मी समोर स्टुलावर. जुन्यापासून सुरुवात. मी विधानं वाचायची, सर ऐकून 'वैध' किंवा 'अवैध' म्हणायचे. तीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे तर्कदोष सापडले की खूश व्हायचे. "पाय, तवाबी मी गाढवच होतो!" आत वहिनी, "तवाबी म्हंजे आताबी, हे निघते का त्याच्यातून?" सर म्हणायचे, "नाई निघत. पण खरं हाय." किती हसलो आम्ही त्या दिवसांत. जुनी डब्याची वेळ परत आल्यासारखं झालं होतं. मी घरून पोळी-भाजी न्यायला लागलो.

सातव्या दिवशी एक वही उघडली आणि पहिल्याच पानावर जून महिना होता. मला वर्ष पाहायचीही गरज नव्हती. वाचणं भाग होतं. वाचलं.

"मी पाठविलेल्या पंचवीस मुलांपैकी अकरा मुलांचा विषय प्रवेशाच्या टेबलावर बदलला."

सर ऐकत होते.

"टेबलावर चारही दिवस एकटे गावंडे सर होते."

खाली रेघ होती. रेघेखाली तीन टिंबं. त्यापुढं काही नव्हतं. पान कोरं.

आत कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"थांबले काहून?" सर म्हणाले.

"पुढं काही लिहिलेलं नाही, सर."

"टिंबं हायेत ना?"

"आहेत."

"हं."

सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. काळा चष्मा खिडकीकडे वळवला. खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत आहे, कडुनिंब वगैरे काही नाही. मला त्यांचं वाट पाहणं पाठ होतं, व्हरांड्यात उभं राहून शिकलो होतो. आज मी बाकावर होतो. वाक्य साधं होतं. सहा-सात शब्दांचं. जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. वहिनी चहा घेऊन आल्या, आमच्याकडं पाहिलं, कप ठेवून आत गेल्या. चहावर साय धरली.

मी म्हणालो, "सर, पान उलटू?"

ते आणखी थोडं थांबले. मग म्हणाले, "उलटा. तास संपला असन."

मी पान उलटलं. पुढचा युक्तिवाद एसटीवर होता. वाचला. सर म्हणाले, वैध. नंतरच्या आठ दिवसांत उरलेल्या सगळ्या वह्या आम्ही संपवल्या. एकाही पानावर तिसरी ओळ कोरी नव्हती. त्या एकाच पानावर होती. म्हणजे अकरा वर्षं हा माणूस रविवारी माझ्या घरी चहा पीत होता, माझ्या मुलीला शिकवत होता, माझ्या बापाला खांदा देत होता, आणि ती जागा तशीच ठेवून होता. दुसऱ्यानं भरायची म्हणून.

आता त्यांचा काळा चष्मा गेला आहे. स्वच्छ दिसतं म्हणतात. "सगळं?" मी विचारलं. "काही," ते म्हणाले आणि हसले. ते रविवारी अजूनही येतात.

त्या अकरा मुलांचे विषय मी बदलले, सर. हे मी इथं लिहिलं. त्यांच्यासमोर अजून बोललेलो नाही. ते मी त्यांचं देणं लागतो.